एक दिवसाची वाट



याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात काही व्यापाऱ्यांची कानउघाडणी केलेली आहे. कोणत्या शहरी जायचे, तेथे किती दिवस राहायचे आणि किती नफा मिळवायचा, हे सारे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. उद्याचा दिवस कोणाच्या हाती आहे, एवढे लक्षात घ्यायचे मात्र राहून गेले होते. ज्यांना तरुण मुलामुलींना घेऊन एखाद्या मोठ्या शहराची सहल काढायची आहे, त्यांनी हा उतारा आधी वाचावा. मी तो दोन सहली काढून झाल्यावर वाचला.

सहलीसारख्या साध्या गोष्टीवर एवढा विचार कशाला, असे आपणांस वाटेल. गाडीचे आरक्षण, मुक्काम, जेवण आणि हजेरीपट एवढे जमले की झाले, असे मलाही वाटत असे. पण ज्यांची जबाबदारी आपल्यावर सोपवलेली आहे, त्यांना किती सांभाळावे आणि किती मोकळे सोडावे, हा प्रश्न घरात वर्षानुवर्षे झाकून ठेवता येतो. शहराच्या गर्दीत तो दोन दिवसांत उघडा पडतो.

आमची मंडळी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावची. 2018 साली आमच्या तरुण संघाची पहिली मुंबई सहल मी एकट्याने आखली. बावीस मुलेमुली होती. सर्वांत धाकटा चौदा वर्षांचा आणि सर्वांत थोरली तेवीस वर्षांची. दोन दिवसांत गेटवे, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, 1718 साली उपासनेसाठी खुले झालेले फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल, कुलाब्याचे अफगाण चर्च, वांद्र्याची मोतमाउली आणि जुहूचा किनारा, असा भरगच्च कार्यक्रम मी मिनिटांच्या हिशोबाने कागदावर उतरवला होता. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हेदेखील मी विसरलो नव्हतो. सारे काही ठरल्याप्रमाणे पार पडले. परतीच्या गाडीत मी विचारले, "काय काय आवडलं?" क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, खरं सांगू? आम्ही दोन दिवस तुमचं घड्याळ पाहिलं."

मला राग आला. पण पुढे अनेक दिवस ते वाक्य मनातून जाईना. शांतपणे विचार केल्यावर उमगले, की माझ्या योजनेचा विषय मुंबई नव्हताच. तिचा विषय माझी भीती हा होता. कोणी हरवू नये, कोणी भलतीकडे जाऊ नये, कोणाच्या आईबापांनी मला बोल लावू नये, या भीतीने मी दोन दिवसांतील प्रत्येक मोकळा क्षण बुजवून टाकला होता. भीती ही वाईटच असते असे नव्हे. लेकरांविषयी ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाती कोणी लेकरे देऊ नयेत. परंतु भीती हाच ज्या योजनेचा पाया असतो, तिच्यात सोबत उरत नाही, केवळ पहारा उरतो. सोबत करणारा तरुणांबरोबर पुढे पाहत चालतो. पहारेकरी मात्र तरुणांकडेच पाहत राहतो.

2022 च्या दिवाळीच्या सुटीत दुसरी सहल ठरली, तेव्हा मी कोरी वही घेऊन मुलांमध्ये जाऊन बसलो. योजना तुम्ही करा, मी हिशोब लिहितो, असे सांगितले. त्या तीन बैठकांत मला जे शिकायला मिळाले, ते मी मुंबईत शिकलो नाही.

पहिला प्रश्न पैशांचा निघाला. मी सरासरी वर्गणी काढू लागलो, तेव्हा एका मुलाने मला थांबवले. सरासरी काढली की ज्याच्या घरी कमी आहे तो आजारी असल्याचे सांगतो आणि घरी राहतो, असे तो म्हणाला. तो स्वतः मागच्या वेळी असाच आजारी पडला होता. मग ज्याच्या घरी सर्वांत कमी आहे त्याला झेपेल तेवढीच वर्गणी ठरली आणि खर्च तिच्या मापाने बेतला. मुक्काम एका मंडळीच्या सभागृहात सतरंज्यांवर, प्रवास दुसऱ्या वर्गाने आणि बेस्टच्या बसने, जेवण पोळीभाजी केंद्रात. अडचण अशी कोणाला वाटलीच नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. एका मुलाने सुचवले, की धारावी पाहायला जाऊ. पैसे घेऊन ती दाखवणारे लोक आहेत. गरिबी पाहिल्यावाचून शहर पाहिले असे कसे म्हणता येईल, असा त्याचा युक्तिवाद होता आणि तो उथळ नव्हता. इतक्यात मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "माझी मावशी तिथंच राहते. तिला बघायला तिकीट काढणार का?" सारे गप्प झाले. अखेरीस असे ठरले, की ज्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जाऊ शकतो, त्यांच्याच दारी जायचे. मावशीला निरोप धाडला गेला. तिने एका वेळी सहा जणांनाच बोलावले. तिच्या घरात तेवढेच मावत होते. जे सहा जण गेले ते मावशीने केलेल्या शिऱ्याविषयी बोलत परत आले. गरिबीविषयी ते काही बोलले नाहीत. माणसाकडे पाहणे आणि माणसाला भेटणे यांत केवढे अंतर आहे, हे एखाद्या प्रवचनात मला इतके नेमके सांगता आले नसते.

तिसरा प्रश्न नियमांचा होता. पालकांची मागणी अशी होती, की सर्वांनी आपण कोठे आहोत ते मोबाइलवरून सतत कळवत राहावे, आणि मुलींनी सायंकाळी सातनंतर बाहेर पडू नये. आमच्या संघात नोकरी करणारी बावीस वर्षांची एक तरुणी आहे. तिने शांतपणे विचारले, "मी मतदान करते, घर चालवते. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री नऊची मोकळीक आणि मला सातची वेळ, ती कोणत्या न्यायाने?" उत्तर देणे सोपे नव्हते. मुलींच्या मातांची धास्ती खोटी नसते. शहरातील धोका आपण निर्माण केलेला नाही आणि आपण नाकारल्याने तो नाहीसाही होत नाही. तरीही धोका ज्यांच्यापासून उद्भवतो त्यांना मोकळीक आणि ज्यांना तो सोसावा लागतो त्यांना कुलूप, या व्यवस्थेला न्याय म्हणता येणार नाही. शेवटी नियम वयाप्रमाणे केले, मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. अठरा वर्षांखालील सर्वांसाठी पालकांचे लेखी संमतिपत्र, चौघांचा गट आणि गटात किमान एक प्रौढ. अठरा वर्षांवरील सर्वांनी कोठे जातो आणि केव्हा परत येतो एवढे सांगायचे. प्रत्येकाजवळ एक कार्ड दिले. त्यावर माझा क्रमांक, आपत्काळासाठी 112, मुलांच्या मदतीसाठी 1098 आणि रेल्वेसाठी 139. चुकामूक झाली तर असाल तेथेच थांबायचे, आणि अनोळखी माणसाबरोबर कोठेही जायचे नाही, हे दोन नियम मी माझ्या अधिकारात घातले. ते कोणी नाकारले नाहीत.

मुंबईत पोहोचल्यावर मुलांनी स्वतः माहिती काढून एकमेकांना ती सांगितली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी निघाली आणि तिने 34 किलोमीटर अंतर कापले, हे एकाने स्थानकातच उभे राहून सांगितले. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे 1813 साली या शहरात आले, आणि 1895 साली याच शहरात रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, हे दुसरीने सांगितले. टिळकांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी सहप्रवाशाकडून, ही गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ती सांगून झाल्यावर ती मुलगी माझ्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "सर, टिळकांना तुमचा नियम लागू नव्हता, हे बरं झालं." मीही हसलो. त्या विनोदात किती तथ्य आहे, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळायचे होते.

दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांवरचे स्थानक आहे. दोन्हींना जोडणाऱ्या पुलावरची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचे सांगण्याची गरज नाही. पूल ओलांडून आम्ही हजेरी घेतली, तेव्हा अकरावीतला एक मुलगा नव्हता. त्याची पिशवी मित्राच्या खांद्यावर होती आणि कार्ड त्या पिशवीत होते. मोबाइल बंद लागत होता. प्रत्येकाला वाटले होते, की तो दुसऱ्या कोणाबरोबर आहे. इतरांना मुक्कामी पाठवून संघातील एक थोरला तरुण आणि मी थांबलो. रेल्वे पोलिसांकडे वर्दी दिली. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळा गेलो ते आठवत नाही. त्याच्या आईला फोन करावा की अजून अर्धा तास थांबावे, हे ठरवताना माझा हात थरथरत होता. वाचकहो, मोकळीक या विषयावर मी बैठकीत जे सुंदर विचार मांडले होते, त्यांतला एकही त्या वेळी मला आधार द्यायला आला नाही.

दोन तास दहा मिनिटांनी तो त्याच पुलावर परत आला. मी संतापाने थरथरत ओरडलो, "कुठे होतास तू? आमचा इकडे जीव जायची वेळ आली होती!" तो घाबरला होता, पण त्याने खाली पाहिले नाही. लांबच्या गाडीतून उतरलेले एक वृद्ध जोडपे त्याला पुलावर भेटले होते. परळच्या टाटा रुग्णालयात जायचे होते; हातात कागद होते, पण ते वाचता येत नव्हते. दोघा-तिघांनी त्यांना वेगवेगळ्या दिशा दाखवल्या होत्या. तो त्यांना धीम्या गाडीने परळला घेऊन गेला, रुग्णालयाच्या नोंदणीच्या रांगेत उभे करून आला. त्याच्या मोबाइलची शक्ती सकाळीच संपली होती. "सर, वाटलं होतं की पंधरा मिनिटांत येईन," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही थांबाल हे मला माहीत होतं."

त्या रात्री सभागृहात सारे झोपल्यावर मी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडला. वल्हांडण सणाला यरुशलेमेस गेलेले कुटुंब, बारा वर्षांचा मुलगा, परतीची वाट. तो सोबतीच्या लोकांत असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. तो तीन दिवसांनंतर मंदिरात सापडला. हा भाग लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातल्या आईचा प्रश्न त्या दिवसापर्यंत मी कधी माझ्या तोंडाने विचारला नव्हता.

या कथेत मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली ही, की मरिया आणि योसेफ निष्काळजी नव्हते. संपूर्ण एक दिवस त्यांनी मुलाची चिंता केली नाही, कारण आपल्या लोकांवर आणि आपल्या मुलावर त्यांचा विश्वास होता. जेथे क्षणाक्षणाची खात्री आहे तेथे विश्वासाला काही कामच उरत नाही. दुसरी ही, की शास्त्र आईच्या व्यथेवर पांघरूण घालत नाही. मुलगा पित्याच्या कामात होता, म्हणून आईने व्याकूळ होऊ नये असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. तिसरी गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. तो मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. पित्याची हाक ऐकणे आणि आईबापांच्या हाती परत येणे, ही दोन्ही एकाच आज्ञाधारकपणाची अंगे आहेत.

मग आमच्या मुलाने योग्य केले की अयोग्य? मी त्याला दोन्ही सांगितले. त्या वृद्धांना सोबत देणे योग्य होते. निरोप न देता जाणे अयोग्य होते. कोणाचाही मोबाइल मागून घेता आला असता. कर्तव्ये दोन असतात तेव्हा मोठे कर्तव्य धाकट्याला पुसून टाकत नाही. मात्र माझा नियमही मला नव्याने तपासावा लागला. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये असे ज्यांना आपण शिकवतो, त्यांनाच दर रविवारी चांगल्या शोमरोन्याची गोष्टही सांगतो, आणि या दोन्ही गोष्टी कधी एकाच पुलावर समोरासमोर येतील याचा विचार करत नाही. तो विचार सहलीआधी मुलांबरोबर बसून करायला हवा होता. नियमाचा अर्थ ज्याला समजावून दिला आहे, तोच प्रसंगी नियमापेक्षा शहाणे वागू शकतो.

येथेच लेख संपवता आला असता. पण परतीच्या गाडीत मावशीची ती भाची माझ्यासमोर येऊन बसली. "सर, सगळे त्याचं कौतुक करताहेत, ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या जागी मी दोन तास हरवले असते, तर पुढची सहल निघाली असती का?"

मी तिला खोटे उत्तर देऊ शकलो नाही. निघाली नसती. तिने कोणाला रुग्णालयात पोहोचवले हे कोणी विचारलेही नसते; ती कोठे होती एवढेच विचारले गेले असते, आणि तेही तिच्या आईला. दयेचे काम करण्याची मोकळीक आपण आपल्या मुलांना देतो आणि मुलींना नाकारतो, हे माझ्या ध्यानात एका सोळा वर्षांच्या मुलीने आणून दिले.

वाचकहो, आपण कोणत्याही प्रांतात राहत असा, आपल्या मंडळीतील तरुणांना घेऊन आपणही कधीतरी एखाद्या शहरी जाल. गाडीची वेळ पाहा, मुक्काम पक्का करा, कार्डे पाठीवरच्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवायला सांगा. या साऱ्यात कसूर करू नका. पण त्याबरोबर हेही स्वतःला विचारा, की आपण त्यांना सोबत देणार आहोत की पहारा. आणि कोणी मागे राहिले, तर पुलावर थांबण्याची आपली तयारी आहे काय, मग मागे राहिलेला मुलगा असो वा मुलगी.

तिसऱ्या सहलीची वही मी त्या मुलीच्या हाती दिली आहे. तिच्या आईची परवानगी मिळवण्यासाठी मला तीन वेळा त्यांच्या घरी जावे लागले. चौथ्यांदा जावे लागले असते, तरी गेलो असतो.