मनाचा गाळ

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी संत पौल श्रद्धावंतांपुढे एक मोठे मागणे ठेवतो. भोवतालच्या जगाच्या वळणाने न जाता त्यांनी आपले मन नवे होऊ द्यावे आणि त्यायोगे देवाची इच्छा काय आहे हे ओळखावे, असा त्या मागण्याचा आशय आहे. विशेष हे की, हे पत्र ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते अशा लोकांना लिहिलेले नाही. रोममधील ज्या मंडळींनी स्नानसंस्कार स्वीकारला होता, छळाचा धोका पत्करून जी एकत्र प्रार्थना करीत होती, त्यांनाच पौल हे सांगतो आहे. मग प्रश्न उभा राहतो: ज्याने एकदा ख्रिस्त स्वीकारला, त्याचे मन पुन्हा नवे व्हायचे ते कशासाठी?

आपल्यापैकी बहुतेकांना श्रद्धा आईवडिलांकडून वारशाने मिळाली. आठव्या-नवव्या वर्षी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलो, प्रार्थना पाठ केल्या आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यानंतर आपले शिक्षण वाढले, व्यवहारज्ञान वाढले, जगाची ओळख वाढली. देवाविषयीची आपली समज मात्र पुष्कळदा त्या वर्गातच बसून राहिली. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचे कपडे आज अंगात जात नाहीत हे आपल्याला कळते. त्या वयाची समज आज पुरत नाही, हे मात्र संकट आल्याखेरीज ध्यानात येत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला विदर्भाच्या पूर्व टोकाकडील एका गावाचा परिसर मार्गदर्शक वाटतो. सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. गोंदियाहून नागभीडकडे जाणारा लोहमार्ग तेथून जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणत. धान हे येथले मुख्य पीक आणि गावोगावचे तलाव हा त्या धानाचा आधार. कोहळी समाजातील जाणत्या पुरुषांनी काही शतकांपूर्वी जमिनीचा उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचे पाणी अडवले. मालगुजारांच्या काळात गावकरी दरवर्षी पाळ दुरुस्त करीत, पाट मोकळे करीत आणि गाळ उपसून आपल्या बांध्यांत नेऊन टाकीत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत रूप केले; पण जे काम सर्वांचे होते ते आता कोणाचेच राहिले नाही. अनेक तलाव गाळाने भरत गेले.

गाळाने भरलेला तलाव पावसाळ्यात पाहिला तर त्याचे दुखणे दिसत नाही. श्रावणात तोही काठोकाठ भरतो, त्यातही आभाळ दिसते, त्याच्याही सांडव्यावरून पाणी वाहते. परीक्षा होते ती पुढे. धान निसवण्याच्या दिवसांत पाऊस ओढ देतो, बांध्या भेगाळू लागतात आणि शेतकरी तलावाकडे धाव घेतो. तेव्हा कळते की तेथे पाण्याचा विस्तार होता, खोली नव्हती.

आपल्या मनाचेही असेच होते. गाळ परमुलखातून येत नाही. ज्या पावसाने तलाव भरतो त्याच पावसाबरोबर आपल्याच शिवारातील माती हळूहळू वाहत येऊन तळाशी बसते. मनाच्या तळाशी जे साठते तेही पुष्कळदा घरचेच असते: लहानपणापासून ऐकलेली मते, शेजाऱ्याविषयीचा पिढीजात ग्रह, पैशाची धास्ती, ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता, आणि अर्थाकडे लक्ष न देता म्हटलेल्या प्रार्थनांची सवय. यांतील एखादी गोष्ट सुटी काढून पाहिली तर तिला पाप म्हणवत नाही. म्हणूनच पापनिवेदनाच्या वेळी तिचा उच्चारही होत नाही. आपण कृत्यांची कबुली देतो. ती कृत्ये ज्या मनातून उगवतात त्या मनाची तपासणी राहून जाते.

धर्मग्रंथात याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रत्यक्ष संत पेत्राचे आहे. तो प्रभूबरोबर हिंडला, पुनरुत्थित ख्रिस्ताला भेटला, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याने भरून गेला. तरीही प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आपल्याला काय दिसते? यापोच्या घराच्या गच्चीवर त्याला दृष्टान्त होतो, निषिद्ध मानलेले अन्न त्याच्यापुढे येते आणि तो नकार देतो. तीन वेळा हे घडल्यानंतर तो परक्या जातीच्या कर्नेल्य नावाच्या शताधिपतीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतो. त्याची श्रद्धा खरी होती. विटाळाची कल्पना मात्र तिच्या तळाशी तशीच राहिली होती. एवढ्यावर हे संपत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, पुढे अंत्युखियात काही मंडळींच्या भीतीने पेत्र परजातीयांच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावे लागले. उपसलेला गाळ पुन्हा साठतो, हे ख्रिस्तसभेने आपल्या पहिल्या प्रमुखाच्या बाबतीतही लपवून ठेवलेले नाही.

आपल्या मराठी मुलखातील एक उदाहरणही याच जातीचे आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. ती वाट गोंदियावरूनच जाते. त्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांची कथा घरच्यासारखी वाटते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक बोधप्रद आहेत.

लक्ष्मीबाई वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात वाढलेल्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार दुभंगला. पुढे त्या पतीजवळ राहू लागल्या तरी चूल आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्यांनी आपल्या मनाचा हा प्रवास कोणताही आव न आणता सांगितला आहे. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने विचार केला आणि तो माणसाचाच खेळ आहे असे मनाशी ठरल्यावर त्यांचे सोवळे गळून पडले. १९०० साली, म्हणजे पतीच्या पाच वर्षांनंतर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या पाच वर्षांना कोणी उशीर म्हणेल. आम्हांला ती नव्या होणाऱ्या मनाची रास्त मुदत वाटते. त्यांनी पतीसाठी म्हणून मान तुकवली नाही. त्यांचे मन स्वतःच्या पायांनी चालत तेथवर पोहोचले.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटला असे मात्र समजू नये. आजही एखाद्या कॅथलिक घरात मुलीचे लग्न निघते. मुलगा सालस आहे, मिळवता आहे, रविवारची मिस्सा चुकवीत नाही. तरीही घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, “सगळे खरे, पण तो आपल्यातला नाही.” ज्या ओठांनी आदल्या दिवशी एकच ख्रिस्तशरीर स्वीकारले त्याच ओठांतून हे शब्द निघतात आणि बोलणाऱ्याला त्यात विसंगती जाणवतही नाही. ही माणसे दुष्ट नसतात. जपमाळेला ती नियमाने बसतात, गरिबाला मदत करतात. त्यांच्या मनाचा तलाव भरलेला दिसतो. खोली किती आहे हे लग्नाच्या बैठकीत समजते.

मग करावे काय? केवळ जुने उपसून टाकल्याने मन नवे होते का? येथे पुन्हा तो तलावांचा मुलूख काही शिकवतो. तेथल्या पुष्कळ तलावांत बेशरम नावाची बाहेरून आलेली वनस्पती माजली. तिचा तोडून टाकलेला तुकडाही ओल लागताच रुजतो. नवेगाव बांधच्या परिसरातील काही गावांत ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी ती मुळासकट उपटली. पण ते तेथे थांबले नाहीत. कोरडा तळ नांगरून त्यांनी त्यात पाण्यात वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती लावल्या. त्यांच्या आश्रयाला देशी मासे परत आले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू झाडून पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्ट सांगतो. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन तेथे परत येतो, कारण घर स्वच्छ असले तरी त्यात राहणारे कोणी नसते. वाईट विचार काढलेल्या जागी शुभवर्तमान रुजले नाही, तर जुनेच बळावते.

आणि उपसलेल्या गाळाचे काय? तलावात तो अडचण असतो, शेतात तोच खत होतो. वाडवडिलांनी दिलेले सारे फेकून द्यावे असा नवीकरणाचा अर्थ नाही. त्यांची शिस्त, त्यांचे सण, त्यांच्या पाठ प्रार्थना यांनीच आपल्याला पोसले आहे. त्यांना योग्य जागी ठेवले की त्या श्रद्धेला बळ देतात. ख्रिस्ताच्या जागी त्या येऊन बसल्या म्हणजेच पाणी कमी होते.

कोणी विचारील, मन नवे करणे हे देवाचे काम की आपले? फिलिप्पैकरांस लिहिताना पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: आपण भीतभीत आपल्या तारणाचे कार्य करावे आणि ते घडवणारा देवच आहे हे ओळखावे. तलाव कितीही खोल केला तरी कोणाला पाऊस पाडता येत नाही. पण पाऊस पडला आणि जागाच नसली तर पाणी वाहून जाते. कृपा देवाची आहे. जागा करणे आपल्याकडे आहे आणि ती करण्याची इच्छाही त्यानेच दिलेली असते.

ही जागा प्रपंचात राहून करता येते, याचा दिलासा संत फ्रान्सिस द सेल्स यांनी दिला. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी भक्तिमय जीवन हा मठातील लोकांचाच वाटा नसून सैनिक, कारागीर, विवाहित स्त्रीपुरुष या सर्वांचा आहे, असे प्रतिपादन केले. १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताच्या जडणघडणीत त्यांचे नाव धारण करणाऱ्या धर्मगुरूंचा मोठा वाटा आहे आणि तेथील कॅथेड्रलही याच संताच्या नावाचे आहे. त्यांचा भर लहान सद्गुणांवर होता: सौम्यता, सहनशीलता, शेजाऱ्याला समजून घेणे. १५२१ साली पाम्प्लोना येथे जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या संत इग्नाती लोयोला यांनी दुसरी एक वाट दाखवली. कोणता विचार मनात कोरडेपणा ठेवून जातो आणि कोणता विचार शांती ठेवून जातो, हे ते पाहू लागले. त्यातूनच रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत आकाराला आली.

आपल्या कुटुंबांना यातून एक साधा परिपाठ घेता येईल. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर पाच मिनिटे शांत बसावे. आज काय चुकले एवढ्यावर न थांबता, आज मी कोणाविषयी विचार न करताच मत बनवले, हेही स्वतःला विचारावे. मग शुभवर्तमानातील एक लहानसा उतारा वाचून त्या माणसाला त्या उताऱ्याच्या उजेडात पुन्हा पाहावे. धर्मग्रामातील मंडळींनी हे अधूनमधून एकत्र बसून करावे, कारण तलाव एकट्याने उपसला जात नाही. पेत्रालाही पौलाची गरज पडली होती.

श्रद्धा वाढली की नाही हे किती प्रार्थना म्हटल्या यावरून मोजता येणार नाही. पूर्वी परके वाटणारे कोणी आज जवळचे वाटू लागले का, हे पाहिले म्हणजे थोडाफार अंदाज येईल. पुढच्या खेपेस आपल्या घरात ‘तो आपल्यातला नाही’ असे वाक्य ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबून आपण एकमेकांना विचारू या: ‘आपल्यातला’ म्हणजे नेमका कोण, आणि हे ठरवताना आपण ख्रिस्ताला विचारले होते काय?