कराटेचा वर्ग आणि दुसरा गाल



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाने मध्यंतरी विचारले, “टीचर, शनिवारी कराटेचे सर सांगतात हात वर घ्या, तोंड सांभाळा. आणि रविवारी तुम्ही सांगता दुसरा गाल पुढे करा. मग नक्की करायचं काय?” वर्गात हशा पिकला. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आज कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदोच्या वर्गाला जातात. कुणी पाच वर्षांचे, कुणी पंधरा. संध्याकाळी पांढरे कपडे घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून ती निघतात. मोबाइल हातातून सुटावा, शाळेत कुणी दमदाटी करू नये, मुलगी घरी उशिरा आली तर जीव टांगणीला लागू नये, अशा आशेने आपण फी भरतो. मुलाच्या हाती आपण नेमके काय देतो आहोत, याचा विचार मात्र सहसा होत नाही.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू उजव्या गालाचा उल्लेख करतो. समोरच्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर ते तळहाताने जमत नाही, हाताची मागची बाजू वापरावी लागते. म्हणून अनेक अभ्यासक हा मार अपमानाचा समजतात, मालकाने नोकराला हिणवण्यासाठी मारावा तसा. अपमानाची परतफेड अपमानाने करू नका, सूडाची साखळी तोडा, असे प्रभू तेथे सांगतो. शेजारच्या लहानग्याला कुणी बडवत असेल तर बघत उभे राहा, असा त्या वचनाचा अर्थ कुणी लावू नये. स्वतः प्रभूने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका सेवकाने त्याच्या तोंडात मारली. प्रभूने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझे काय चुकले ते सांग, चुकले नसेल तर मारलेस का, असे त्याने सरळ विचारले (योहान 18). आणि बागेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा, पित्याकडे मागितले तर देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक मदत मिळेल, याची आठवण त्याने करून दिली. बळ हाताशी होते, ते त्याने वापरले नाही.

आमच्या मते उत्तर येथेच आहे. ज्याच्या अंगात प्रतिकाराची ताकदच नाही, तो मार खाऊन गप्प बसला तर त्याला सौम्य म्हणता येत नाही. तो बिचारा फक्त घाबरलेला असतो. अशा मुलाला आपण “जाऊ दे, क्षमा कर” म्हणतो, तेव्हा त्याच्या भीतीलाच सद्गुणाचे नाव देतो. ते मूल मनातल्या मनात सूड घोकत राहते. हात उचलता येत असताना तो आवरणे ही खरी निवड, आणि ती निवड करता यावी म्हणून आधी हात उचलता आला पाहिजे. ख्रिस्तसभेची शिकवणही याच्या आड येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षण ग्राह्य मानले, पण गरजेपेक्षा अधिक हिंसा केली तर ते अन्याय्य ठरते अशी अट घातली. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हाच विचार स्वीकारला असून, इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी संरक्षण हे कर्तव्यही ठरू शकते असे म्हटले आहे. तेव्हा कराटे शिकणे पाप आहे का, हा प्रश्न आमच्या लेखी मिटलेला आहे. (वर्गाच्या सुरुवातीला वाकून नमस्कार करतात, तो चालतो का, असेही काहीजण विचारतात. तो आदर आहे, उपासना नव्हे. तायक्वांदोचे खेळाडू 2018 साली संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांच्यासमोर खेळ करून गेले होते, आणि 2021 मध्ये व्हॅटिकन जागतिक तायक्वांदो संघटनेचा सभासदही झाला.)

मिटलेला नाही तो दुसरा प्रश्न. कोणत्या वयात, किती?

या विद्येच्या जुन्या गुरूंना हा प्रश्न पडला होता. ओकिनावा बेटावर इतोसू आन्को नावाचे गुरू होते. 1901 च्या सुमारास त्यांनी कराटे शाळेतल्या मुलांसाठी आणले. मोठ्यांचे लांबलचक, धोकादायक प्रकार मुलांना झेपणार नाहीत म्हणून त्यांनी पाच सोपे ‘काता’ बसवले आणि त्यांना ‘पिनान’ नाव दिले. आज आपली मुले त्यांनाच ‘हेइआन’ म्हणतात. नावाचा अर्थ शांतता. या पाचही कातांची पहिली हालचाल ठोशाची नसून अडवण्याची आहे, हे आपल्या मुलाला करून दाखवायला सांगा, लगेच दिसेल. इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे त्यांचे तत्त्व जपानमध्ये कामाकुरा येथील त्यांच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेले आहे. अर्थात तत्त्व कोरले म्हणजे ते पाळले गेले असे नाही. खुद्द इतोसूंनी 1908 साली लिहिलेल्या पत्रात, ही विद्या पुढे सैनिक होणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडेल, असे म्हटले होते. साधन तेच असते, शिकवणारा त्याला कुठे वळवतो हे पाहावे लागते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला वार शिकवण्यात आम्हाला काही अर्थ दिसत नाही. त्या वयात डावा-उजवा कळत नाही, मग आवश्यक आणि अनावश्यक वार कसा कळणार? या वयासाठी उत्तम धडा ज्युदोमध्ये आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केले, आणि ज्युदोचा विद्यार्थी आजही सर्वांत आधी पडायला शिकतो. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताने गादीवर थाप. या पडण्याला ‘उकेमी’ म्हणतात. पडलो तरी काही बिघडत नाही, हे ज्या मुलाला शरीराने समजले त्याची अर्धी भीती तिथेच जाते. शिवाय ज्युदोत आपल्याला पाडणारा मित्रच शेवटच्या क्षणी आपली बाही धरून ठेवतो, डोके आपटू देत नाही. शेजाऱ्यावर प्रीती कशी करावी हे सहा वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने सांगणे आम्हाला तरी जमलेले नाही. आपल्याकडच्या तालमीतही पोराला वस्ताद आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, डाव मागाहून. आणि एक डाव तो स्वतःकडे राखून ठेवतो, असे म्हणतात. त्यामागे वस्तादाचा धूर्तपणा असेल, पण एक शहाणपणही आहे, की सगळेच सगळ्यांना लगेच द्यायचे नसते.

नऊ ते बारा या वयात स्पर्धा येते, आणि पालक बिघडतात ते येथे. काळ्या पट्ट्याची प्रथा कानोंची. मधले रंगीबेरंगी पट्टे बऱ्याच पुढे युरोपात रुळले. त्यांनी मुलांना हुरूप येतो हे खरे, पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, प्रमाणपत्र आणि फोटो असे सुरू झाले की पट्टा विकत मिळतो, विद्या नाही. गादीच्या कडेला उभे राहून “मार, मार त्याला!” ओरडणारे बाबा आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी तेच मिस्साला पहिल्या बाकावर असतात. जपानच्या ज्युदो संघटनेने 2022 साली प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी प्रशिक्षक आणि पालक लहान मुलांवर अतिरेकी ताण टाकत होते, हे त्यांनी मान्य केले. ज्यांच्या देशात ज्युदो जन्मला त्यांना हे करावे लागले. थायलंडमध्ये तर नोव्हेंबर 2018 मध्ये एक तेरा वर्षांचा मुलगा थाई बॉक्सिंगच्या लढतीत डोक्याला मार लागून गेला. डोक्यावर संरक्षक टोपी नव्हती. आठव्या वर्षापासून तो लढत होता, आणि ती लढत धर्मादाय कामासाठी निधी जमवण्याकरिता होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 मध्ये सांगितले की मुलांनी प्रत्यक्ष मार न बसणारे प्रकार शिकावेत, आणि डोक्यावरच्या टोपीने मेंदूची इजा टळते असे समजू नये. पदक कितीही चकचकीत असो, त्यासाठी मुलाच्या डोक्यावर लाथा बसू द्याव्यात असे आम्हाला वाटत नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी हाताला खरी ताकद येते. मुलींसाठी शासनानेही समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीपर्यंत स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण ठेवले आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने. चांगलेच आहे. पण दोन गोष्टी येथे स्पष्ट बोलायला हव्यात. मुलांवरचे बहुतेक लैंगिक अत्याचार अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस करत नाही. तो ओळखीचा असतो: घरातला, शेजारचा, शाळेतला, क्लासमधला, होय, चर्चच्या आवारातलाही. त्याच्यापुढे लाथेचा उपयोग थोडा. भयाने शरीर गोठते, तोंडातून शब्द फुटत नाही, हा मनुष्यदेहाचा धर्म आहे. ब्राऊन बेल्ट असलेल्या मुलीला “मग तू मारलं का नाहीस?” असे कुणी विचारले तर तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. दोष करणाऱ्याचा, मग ती कराटे शिकलेली असो वा नसो. आणि मुलीला वर्गाला पाठवून आपण निश्चिंत होतो तेव्हा तिच्या भावाला काय शिकवतो, हेही कुणीतरी विचारावे.

दुसरी गोष्ट शिस्तीची. सर म्हणतील ते ऐकायचे, प्रश्न विचारायचा नाही, ही या वर्गांची रीत पालकांना फार आवडते. आम्हाला तिची थोडी धास्ती वाटते. जे मूल मोठ्यांना ‘नाही’ म्हणायला कधीच शिकले नाही, ते नको त्या मोठ्यालाही ‘नाही’ म्हणणार नाही. प्रमुख याजकासमोर मारणाऱ्याला जाब विचारणारा प्रभू आपला गुरू आहे, तर दुखत असताना “सर, थांबा” म्हणण्याची मुभा आपल्या मुलाला असलीच पाहिजे. ज्युदोत ती आहे. दोनदा थाप मारली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे, मग तो गुरू का असेना.

म्हणून वर्ग निवडताना भिंतीवरचे चषक मोजत बसू नये. वर्गाच्या वेळी दार उघडे असते का, पालकाला न सांगता येऊन मागे बसता येते का, पाच वर्षांची आणि पंधरा वर्षांची मुले वेगळी शिकतात की एकाच रांगेत, हे पाहावे. ज्या सरांना पालक बसलेले खपत नाहीत, त्यांच्याकडे मूल पाठवू नये. आणि संध्याकाळी मूल घामाघूम होऊन परतले की “जिंकलास का?” एवढेच न विचारता, “आज तुझ्या हातून कुणाला लागलं का, आणि मग तू काय केलंस?” असेही एकदा विचारून पाहावे.