बाईचं कौतुक, मेल्यावर

संस्कृतातल्या एका जुन्या नीतिश्लोकाने कौतुकाचं वेळापत्रकच ठरवून दिलं आहे. गुरूची स्तुती समोर करावी, मित्रांची आणि नातलगांची पाठीमागे, नोकरचाकरांची काम उरकल्यावर, मुलाची कधीच नाही. आणि बाईची? ती मेल्यावर.

हा श्लोक पाठ असणारी पिढी सरत आली, वेळापत्रक मात्र चालूच आहे. तोंडावर वाखाणलं की पोर शेफारतं, माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो, नाहीतर दृष्ट लागते, ही कारणं जळगाव-धुळ्याच्या घराघरांत अजून ऐकू येतात. शोकसभेत मात्र याच माणसांची रसना अशी मोकळी होते की, फोटोतल्या माणसालाही आपण इतके मोठे होतो हे तिथेच कळावं.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत तो श्लोक अक्षरशः खरा ठरला. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली ही बाई शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी रचत राहिली. अक्षरओळख नव्हती. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. त्यांनी आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली ती त्यानंतर. अत्रे हरखले, १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली आणि महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतलं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं. यातलं काहीही तिच्या कानावर पडलं नाही.

दुसऱ्याचं कौतुक कसं करावं हे खरं तर तिलाच उत्तम कळत होतं. सुगरणीच्या खोप्यावरचं तिचं गाणं घरोघरी माहीत आहे. ‘किती छान’ म्हणून ती थांबत नाही. एवढीशी चोच, त्या चोचीचं काम, झाडाला टांगलेलं घर असं एकेक दाखवत जाते आणि मग दोन हात असलेल्या माणसाकडे वळते. (पक्षी-अभ्यासक सांगतात, खोपा विणतो तो नर. हरकत नाही, कारागिरी तीच.) खुशामत आणि कौतुक यांतला फरक इथे दिसतो. खुशामत कुणालाही चालते. हे कौतुक सुगरणीखेरीज दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही.

पुरुषांचीही या वेळापत्रकातून फारशी सुटका नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं, जानेवारी १९२७ मध्ये.

गप्प राहण्याला शास्त्राचा आधार म्हणून हमखास पुढे येते ती गीता. बाराव्या अध्यायातल्या भक्ताला निंदा आणि स्तुती सारखीच असते. मग स्तुती करायचीच कशाला? पण हा सल्ला ऐकणाऱ्याला आहे. स्तुतीने फुगू नकोस, असं तो त्याला बजावतो. दुसऱ्याचं कौतुक करू नकोस, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत कुणाची चहाडी न करणं येतं. म्हणजे बंदी असलीच तर पाठीमागच्या निंदेला आहे, आणि ती किती पाळली जाते हे कुठल्याही पारावर बसून तपासता येतं.

हा बारावा अध्याय धुळ्याच्या तुरुंगात एकदा फार वेगळ्या अंगाने उलगडला गेला. १९३२ साली विनोबांनी तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली. ८ मेच्या प्रवचनात त्यांनी सगुण आणि निर्गुण भक्तीची जोडी मांडली. एक मुलगा आईजवळ राहून सेवा करतो, दुसरा लांब राहून. लक्ष्मण रामाजवळ, भरत रामापासून दूर. दोघांचं प्रेम खरं. पुढे विनोबा दाखवतात ते असं की, ही दोन रूपं परस्परांना पूरक आहेत आणि शेवटी एकच आहेत.

विनोबांचा विषय ईश्वर होता. तरी माणसामाणसांतल्या नात्याला तो लावून पाहायला हरकत नसावी. ‘बोलत नाही, पण मनात फार आहे’ हे निर्गुण कौतुक. ते खोटं नसतं, पण समोरच्याला त्याचा पत्ता नसतो. भरताला निदान रामाच्या पादुका तरी लागल्या. मनातल्या कौतुकालाही काहीतरी आकार लागतोच. उलट मनात आदर नसताना नुसती शब्दांची आरास केली, तर सगुणाची मूर्तिपूजा उरते आणि देव निघून जातो. सत्कार समारंभांत शालींचे ढीग पडतात तेव्हा बहुधा हेच घडत असतं.

आकार म्हणजे भाषणच हवं असंही नाही. ती अठरा प्रवचनं आज वाचायला मिळतात, कारण साने गुरुजी समोर बसून ती लिहून घेत होते. जळगावात सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची गाणी जमतील तशी टिपून ठेवली. ‘तुझं बोलणं हरवता कामा नये’ हे कुणाला समोरासमोर सांगण्याची याहून प्रामाणिक रीत सापडणं कठीण. जिवंतपणी बहिणाबाईला दाद मिळालीच नाही असं म्हणूनच म्हणता येत नाही. ती घरापुरती मिळाली. याच साने गुरुजींनी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यांची आई मात्र १९१७ मध्येच गेली होती; वेळापत्रक इथेही तेच.

मग उरतो तो ऐकणाऱ्याचा भाग, आणि तो बोलण्याहून अवघड. कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन पाहुण्याने मनापासून दाद दिली, तर खानदेशी गृहिणी ती सहसा स्वीकारत नाही. ‘आज वांगी चांगली मिळाली,’ म्हणते आणि सगळं श्रेय वांग्याला देऊन मोकळी होते. गीतेतली समता तिला इथे उपयोगी पडली असती: स्तुती ऐकायची, ना फुगायचं, ना झटकून टाकायची. वांग्याची बाजू भक्कम आहे, हे मात्र मान्य करायला हवं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते भाजून, ठेचून, फोडणी देणारीला पाहुण्याचे दोन शब्द मिळाले, आणि तेही तिने वांग्याच्या खात्यात जमा केले.