आठ वर्षांचं अंतर

निवांत बसा. फाट्यावरच्या एसटीचा हॉर्न ऐकू येत असेल, तर येऊ द्या. श्वास सावकाश चालू द्या.

मृगाआधी केलेली धूळपेरणी डोळ्यांपुढे आणा. तिफण फिरून गेली, बी कोरड्या ढेकळांत पडलं. कुणब्याने आपलं काम चोख केलं. आता त्याच्या हातात काय उरलं? उत्तर द्यायची घाई करू नका.

आता त्या कुणब्यासारखंच आपल्या हातातलं सगळं केलेल्या पंडिता रमाबाईंकडे वळा. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. त्याआधी त्या घराने पायी तीर्थयात्रा, व्रतं, उपास, दानधर्म, काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. विद्वत्ता होती, सेवा होती, मंडळीत नाव होतं. तरीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की धर्म हाती आला, ख्रिस्त मात्र अजून भेटायचाच आहे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. इतकं निर्भय आत्मनिवेदन आपल्या मंडळीत मला दुसरं ठाऊक नाही.

इथे थांबा. तुमची आठ वर्षं कोणती?

इफिसच्या मंडळीला पौल सांगतो, की तुम्ही अपराधांत मेलेले होता. आजारी म्हणत नाही, मेलेले म्हणतो. आजारी माणूस निदान औषध मागतो. बेथानीचा लाजर चार दिवस कबरेत होता. त्याची बहीण मार्था तर दुर्गंधीचीच भीती बोलून दाखवते. प्रभूने त्याला नावाने हाक मारली आणि तो बाहेर आला. मेलेल्याला ती हाक ऐकू आली कशी? हाकेनेच त्याला कान दिले. बाहेर आला तेव्हाही हातपाय बांधलेलेच होते. ते सोडायला प्रभूने भोवतालच्या माणसांना सांगितलं.

या दृश्यात हवा तितका वेळ राहा.

मग उपास, प्रार्थना, रविवारची उपासना फुकट का? मला तसं वाटत नाही. रमाबाईंनी काम सोडलं नाही, उलट ते वाढलं. 1896–97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला त्यांचं ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं. फक्त ते काम आता जीव मिळवण्यासाठी नव्हतं, मिळालेल्या जिवातून होत होतं. ही अदलाबदल देवाने केली. कधी आणि कुणात करायची, हेही त्याच्याच मर्जीवर. मनाला हे रुचत नसेल, तर तसं त्याला सांगा. तो ऐकून घेतो.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही आशा सोडली आहे, असा एक माणूस आठवा. घरातला असेल, गल्लीतला असेल, कदाचित तुम्ही स्वतःच असाल. त्याच्या बाजूने देवापुढे एकही कारण मांडू नका. नुसतं नाव घ्या, आणि त्याला हाक मारायची विनंती करा.