अर्धं राहिलेलं वाक्य

पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा. पुढे दूधवाला, कुकर, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, नळाला पाणी आहे तोवर भरून ठेवायची भांडी. दिवस घराचा होऊन जातो. गेली साडेतीन वर्षं या दीड तासात मी एक कादंबरी लिहिते आहे.

आज सहा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. शेजारच्या काकी होत्या. "बेन, जल्दी आवो ने," एवढंच म्हणाल्या. काकांचं अंथरूण घामाने भिजलं होतं, शुद्ध होती पण बोलणं अडखळत होतं. साखर उतरली होती. चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. काकी बाकावर माझा हात धरून बसल्या होत्या. काका ठीक आहेत असं कळेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

घरी यायला अकरा वाजले. टेबलावर वही उघडीच होती, पेनाचं टोपण बाजूला पडलेलं. शेवटची ओळ होती : "तिने कडी काढली आणि". पुढे कोरं.

'आणि' नंतर काय होतं ते मला आठवेना. गोष्ट काही हरवलेली नव्हती. दार उघडल्यावर समोर तिचा भाऊ उभा असणार, हे मी सहा महिन्यांपूर्वीच ठरवून ठेवलं आहे. हरवली होती ती त्या वाक्याची चाल. कादंबरी लिहिताना कानामागे तंबोऱ्यासारखा एक स्वर लागलेला असतो. त्या स्वरात असलं की पुढचा शब्द आपसूक येतो. स्वर तुटला की कथानक सगळं हातात असूनही बाईला उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकता येत नाही. पहाटे उठल्यावर पहिली वीस मिनिटं मी फक्त तो स्वर लावण्यात घालवते. मागची दोन पानं हलक्या आवाजात वाचते, मग हळूहळू लागतो. कधी लागतच नाही. मग तो दिवस नुसत्या खाडाखोडीत जातो आणि संध्याकाळी भाजी चिरतानासुद्धा काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

अशा दिवशी मला सावली आठवते. बडोद्याहून एसटीने उत्तरेला तासाभराच्या आत येणारं तालुक्याचं गाव. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोरला घात झाला, त्यांना अग्नी दिला तो सावलीत, म्हणून बडोद्याच्या मराठी घरांतून हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असायचं. आता तिथे मेट्रोचे डबे बनतात. पण मला सावली माहीत झाली ती डॉ. सुमती क्षेत्रमाडे यांच्यामुळे. कोल्हापूरकडच्या सुमतीबाई, जन्म १९१३ चा. डॉक्टर झाल्या आणि सुमारे तीस वर्षं त्यांनी सावलीत वैद्यकी केली. नंतर त्या कोल्हापूरला परतल्या. 'महाश्वेता', 'आधार', 'युगंधरा', 'मैथिली' ही सगळी त्यांचीच नावं. कॉलेजात असताना वाचनालयातून खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं 'महाश्वेता' मी आणलं होतं. पानांचे कोपरे इतके मऊ पडले होते की बोटाला कापडासारखे लागायचे. पुढे तिच्यावर दूरदर्शनची मालिका झाली, तेव्हा आमच्या घरी त्या वेळेला कोणी फोनसुद्धा उचलायचं नाही. या कादंबऱ्यांना 'बायकांचं वाचन' म्हणून बाजूला सारणारे तेव्हाही होते. मला ते कधीच पटलं नाही. इतक्या हातांतून जाऊन मऊ पडलेलं पुस्तक कोणाच्या तरी फार जवळचं असतं.

तालुक्याच्या गावातली डॉक्टरीणबाई म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाळंतपण काही वेळ बघून येत नाही. तापाने फणफणलेलं मूल घेऊन आई दारात उभी राहते तेव्हा प्रकरण कुठल्या वळणावर आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. दिवसभर कानावर गुजराती, दुखणी गुजरातीत ऐकायची, औषध कसं घ्यायचं ते गुजरातीत समजावायचं, आणि कागदावर मात्र मराठी. मी बडोद्यात राहते, इथे मराठी शेजार आहे, मराठी वाचनालयं आहेत, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलनं या शहराने भरवली. तरी बाजारातून आले की मराठीचा स्वर पुन्हा लावावा लागतो. मग सावलीतली तीस वर्षं डोळ्यांसमोर आणून बघते.

चेखवही डॉक्टर. त्याने ऐन उमेदीत एक मोठी कादंबरी लिहायला घेतली होती, ती पुरी झाली नाही. कथा आणि नाटकं मात्र अजोड लिहिली. कथेला एक लांब रात्र कधीकधी पुरते. कादंबरीला वर्षं लागतात, आणि तेवढ्या वर्षांत दार वाजणारच. आपल्या हरिभाऊ आपट्यांचंही तेच. १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि दर आठवड्याला अंक काढायचा म्हणून 'पण लक्षात कोण घेतो?' हप्त्याहप्त्याने लिहिली. शिवाय आनंदाश्रमाचा कारभार, पुण्याच्या नगरपालिकेचं काम. त्यांच्या काही कादंबऱ्या शेवटपर्यंत अपुऱ्या राहिल्या. पलीकडे नडियादच्या गोवर्धनराम त्रिपाठींनी मात्र चाळिशीनंतर मुंबईतली चालती वकिली सोडली आणि लिहिण्यासाठी गावी येऊन राहिले. 'सरस्वतीचंद्र'चे चार भाग १८८७ ते १९०१ या काळात निघाले. त्यांचा निर्धार मोठा खरा, पण काम सोडून लिहायला बसणं मला कधी जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर सोडावंसंही वाटत नाही. काकींच्या हाताची ती पकड मला हवी आहे. ती कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती.

गुजरातीत कादंबरीला 'नवलकथा' म्हणतात. आपण एका संस्कृत कथेतल्या नायिकेचंच नाव घेतलं आणि सगळ्या प्रकाराला देऊन टाकलं. महाश्वेताही त्याच कथेतली, अच्छोद सरोवराकाठी प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. बाणभट्टाची ती 'कादंबरी' त्याच्या हातून पुरी झालीच नाही. पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीचं बोलणं सांगते आहे, आणि ते बोलणं संपायच्या आत बाण थांबतो, कायमचा. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. कवी म्हणून मिरवण्यासाठी नव्हे, कथा अर्धी राहिल्याचं लोकांना दुःख आहे म्हणून लिहितो, असं तो सुरुवातीलाच सांगतो. वडिलांचा स्वर लावायला त्याला किती पहाटा लागल्या असतील? माझं तर स्वतःचंच पाच तासांपूर्वीचं वाक्य मला परकं झालं होतं.

संध्याकाळी काकी आल्या. काकांना घरी सोडलं होतं. हातात सकाळचा माझाच पेला, घासूनपुसून परत आणलेला, आणि झाकलेल्या ताटलीत चार थेपले. त्यांची नजर टेबलाकडे गेली. "सवारे तमारुं लखवानुं रही गयुं ने?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, एक ओळ राहिली. त्या काही बोलल्या नाहीत. वही सरळ केली, पेनाला टोपण लावलं आणि दार हलक्या हाताने ओढून घेतलं.

मी मागची दोन पानं वाचायला घेतली. दुसरं पान संपताना लक्षात आलं, त्या बाईने कडी काढली तरी ती दार लगेच उघडणार नाही. आधी हात पुसेल, पदराला, दोन्ही बाजूंनी. "तिने कडी काढली आणि" याच्या पुढे तेवढं लिहिलं. पावणेआठ झाले होते. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली.