दोष कोणाचा, दुखणे कोणाचे?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला जो प्रश्न केला, तो त्या माणसाच्या दुःखाविषयी नव्हता. पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. संत योहानाच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग मी सेमिनरीत अभ्यासला आणि पुढे त्यावर कितीतरी वेळा प्रवचन केले. तरीही काही वर्षांपूर्वी एक भगिनी धर्मग्रामाच्या कार्यालयात माझ्यासमोर येऊन बसली, तेव्हा माझ्या तोंडून शिष्यांचाच प्रश्न बाहेर पडला.

तिच्या अनुमतीने आणि ओळख पटेल असा सर्व तपशील गाळून हे लिहितो आहे. अंगात सतत थकवा, सकाळी धरलेले सांधे, गळणारे केस, बोलता बोलता हरवणारे शब्द. अशी तिची तक्रार होती. रक्ताच्या तपासण्यांत विशेष काही निघाले नव्हते. 'मनावर ताण घेऊ नका,' एवढेच तिला सर्वत्र ऐकावे लागले होते. मग आवाज खाली आणून तिने सांगितले की, आठ वर्षांपूर्वी तिने स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. कर्करोग वगैरे काही नव्हता. पतीला ठाऊक होते, सासरी इतर कोणाला नव्हते. डॉक्टरांपुढे हे सांगण्याचा तिला धीर होत नव्हता.

"अगं, पण हे करून घेण्याची गरजच काय होती?" मी विचारले.

ती क्षणभर थांबली, "येते, फादर," म्हणाली आणि निघून गेली. पुढचे आठ महिने ती कोणत्याही डॉक्टरकडे गेली नाही. कारण तिनेच नंतर मला सांगितले: "फादरांनीसुद्धा तेच विचारले, मग बाकीचे काय म्हणतील?"

माझा प्रश्न चुकीचा होता का? नैतिक दृष्टीने पाहता त्या प्रश्नाला स्थान आहे. पोप पायस बारावे यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, आपल्या मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जन मंडळींपुढे भाषण करताना याच विषयाचा विचार मांडला होता. शरीराचे सौंदर्य हे चांगलेच आहे, परंतु ते सर्वोच्च मूल्य नव्हे. आणि अशा शस्त्रक्रियेचे बरेवाईट तिच्यामागील हेतू व परिस्थिती पाहून ठरवावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे ख्रिस्तसभेने या शस्त्रक्रियेला सरसकट पाप ठरवलेले नाही. हेतूचा विचार व्हावा. पण तो शस्त्रक्रियेपूर्वी, निर्णय घेणाऱ्या व्यक्तीने, शांतपणे देवासमोर करावा. वेदनेने विव्हळत आलेल्या स्त्रीला दारातच अडवून तिची झडती घेण्यासाठी तो प्रश्न नाही. शिवाय हेतूच शोधायचा तर तो पुरता शोधावा. मुलीच्या अंगलटीवरून स्थळे नाकारणारे कोण? लग्नाच्या मांडवात बायकांच्या शरीरावर शेरे मारणारे कोण? तिच्या निर्णयात आपल्या सर्वांचा थोडाथोडा वाटा आहे.

आणि दुखणे तर हेतू विचारून येत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर पुनर्रचना करून घेतलेल्या स्त्रीच्या शरीरातही तेच इम्प्लांट असते आणि त्याचे धोकेही तेच असतात. ही वस्तू आयुष्यभर टिकणारी नव्हे, हे आता जगभरातील तज्ज्ञ मान्य करतात. तिच्याभोवती शरीर एक आवरण तयार करते. ते आवळले की स्तन कठीण होतो व दुखतो. इम्प्लांट फाटले तरी पुष्कळदा बाहेरून काहीच कळत नाही. क्वचित, शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी, त्याभोवती पाणी साठून स्तन अचानक सुजतो. हे एका विशिष्ट लिम्फोमाचे, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाचे, लक्षण असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली या कर्करोगाची स्वतंत्र नोंद घेतली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी त्याचा विशेष संबंध आढळल्याने २०१९ साली ॲलर्गन कंपनीने आपली तशी उत्पादने जगभरातून परत मागवली. वेळीच ओळखला तर हा कर्करोग बहुतेकदा इम्प्लांट आणि भोवतीचे आवरण काढून बरा होतो. वेळ मात्र गमावता कामा नये. आणि लाज नेमकी वेळच गमावते.

थकवा, सांधेदुखी, विस्मरण, अंगावरील पुरळ या तक्रारींचे निदान करणारी एखादी ठरावीक तपासणी नाही. थायरॉइड, संधिवात यांसारखी इतर कारणे आधी तपासावी लागतात. इम्प्लांट काढल्यावर अनेक स्त्रियांना आराम पडतो, सर्वांनाच पडतो असे नाही. परंतु तपासणीत सापडत नाही म्हणून दुखणे खोटे, हा निष्कर्ष शास्त्रालाही धरून नाही आणि धर्मालाही. २०२१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तक्रारींची माहिती स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वीच दिली जावी, असे बंधन घातले. हजारो स्त्रिया वर्षानुवर्षे बोलत राहिल्या, त्याचे हे फळ होते.

दोष रुग्णाचाच, असे गृहीत धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. फ्रान्समधील पी.आय.पी. या कंपनीने वैद्यकीय वापरासाठी मान्यता नसलेले, स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरून इम्प्लांट विकल्याचे २०१० साली उघडकीस आले. जगभरातील सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ते गेले होते. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. हे पाप कोणाचे? आरशात पाहणाऱ्या स्त्रीचे?

आपल्याकडचे उदाहरण खुब्याच्या सांध्याचे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने आपला 'ए.एस.आर.' हा धातूचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. धातूचे सूक्ष्म कण झिजून रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट व क्रोमियम उतरत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले. पुढे केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली, तेव्हा बहुसंख्य रुग्णांचा मागच लागत नव्हता. भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ साल उजाडले. त्या रुग्णांना न्याय उशिरा मिळाला. पण 'हा सांधा बसवून घेण्याची गरजच काय होती?' असे त्यांना कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खुब्याच्या वेदनेला आपण सहानुभूती देतो आणि स्तनाच्या वेदनेकडे चारित्र्याचा दाखला मागतो.

प्रभूने असा दाखला मागितला नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानातील ती रक्तस्रावाने पीडित स्त्री आठवा. बारा वर्षे दुखणे, अनेक वैद्यांच्या हातून सोसलेला त्रास, सारा पैसा खर्च आणि प्रकृती आणखीच बिघडलेली. तिचे दुखणेही चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. म्हणून ती पाठीमागून, गर्दीतून आली. याईराची मुलगी मृत्युशय्येवर होती, लोक घाईत होते. तरीही येशू थांबला आणि तिने सारी हकीकत सांगेपर्यंत त्याने ऐकून घेतले. तिला त्याने 'मुली' म्हणून हाक मारली. तुझे हे दुखणे कशामुळे, असे त्याने विचारले नाही.

मग आपण काय करावे? ज्या भगिनींच्या शरीरात इम्प्लांट आहे, त्यांनी त्याचे नाव, कंपनी आणि क्रमांक असलेले कार्ड जपून ठेवावे. नसेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातून नोंद मागून घ्यावी. कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेल्यावर ही गोष्ट लपवू नये. सूज, गाठ, आकारातील बदल वा नवे दुखणे जाणवल्यास त्वरित तपासून घ्यावे. त्रास नसला तरी सिलिकॉनच्या इम्प्लांटची सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करावी, असा सल्ला दिला जातो. काहीच त्रास नसताना केवळ भीतीने ते काढून टाकण्याची मात्र आवश्यकता नाही. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना आपल्या देशात २०१५ पासून आहे. डॉक्टरांना तेथे नोंद करण्याचा आग्रह धरावा. पतींनी तपासणीला सोबत जावे. महिला मंडळांनी वर्षातून एकदा तरी स्त्री डॉक्टरांना बोलावून या विषयावर मोकळेपणाने बोलावे.

हा विषय ख्रिस्तसभेला परका नाही. ५ फेब्रुवारीला आपण संत अगाथा हिचा सण पाळतो. छळात तिचे स्तन कापले गेले, असे परंपरा सांगते, आणि कित्येक चित्रांत ती ते तबकात घेऊन उभी दिसते. ख्रिस्तसभेने हे चित्र शतकानुशतके वेदीजवळ लावले. आपल्या घरांत मात्र त्या अवयवाचे नाव काढणेही अवघड होऊन बसते.

ती भगिनी आठ महिन्यांनी एका मैत्रिणीबरोबर डॉक्टरकडे गेली. एक इम्प्लांट फाटलेले निघाले. दोन्ही काढण्यात आले. सांधे आता पुष्कळ मोकळे झाले आहेत. थकवा पूर्णपणे गेलेला नाही. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, तुम्ही त्या दिवशी कुठे दुखतंय एवढं विचारलं असतं, तरी पुरे होतं."

आता कार्यालयात कोणी आजाराची गोष्ट घेऊन आले की मी आधी तेवढेच विचारतो.