कड एकच

कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल खडवलीला थांबते, तेव्हा चढणाऱ्यांत कल्याणला गाडी बदलून अंबरनाथ गाठणारे कामगारही असतात. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५३ सालची. पुढे आसपास एमआयडीसी उभी राहिली आणि फिटरचं काम या पट्ट्यात घरोघरी ठाऊक झालं. आयटीआयमध्ये हा ट्रेड दोन वर्षांचा. त्यात भोक पाडण्याआधी ते कुठे पाडायचं, हे शिकावं लागतं.

समजा, पट्टीवर २०-२० मिलिमीटरवर पाच भोकं हवीत. नवशिका कडेवरून पहिलं मोजतो, पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. दर मापात पाव मिलिमीटर एकाच बाजूला सरकलं, तरी पाचव्यापर्यंत सव्वा मिलिमीटर होतं आणि बोल्ट काही केल्या बसत नाही. मुरलेला फिटर आधी एक कड कानशीने सरळ करतो, गुण्या लावून बघतो आणि २०, ४०, ६०, ८०, १०० ही सगळी मापं त्याच कडेवरून घेतो. चूक त्याचीही होते. पण ज्या भोकाची चूक त्याच भोकापाशी राहते.

आपलं रोजचं मोजमाप मात्र नवशिक्याचं. काल दहा मिनिटं उशीर खपला, म्हणून आज पंधरा. आज पंधरा चालली, म्हणून उद्या वीस. ठरलेली वेळ कोणती होती, हे महिन्याभराने कुणाला आठवत नाही. सगळे कालच्याशीच ताडून बघतात आणि फरक पाचच मिनिटांचा दिसतो!

फिटरला मात्र मापं ठरली की ती पट्टीवर उतरवायची असतात. घासून साफ केलेल्या पोलादावर मोरचुदाचं पाणी लावलं की तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ लख्ख उठते. रेघा छेदतात तिथे डॉट पंचाचा हलका ठोका. खूण जरा हुकली, तर पंच तिरका धरून ती सरकवता येते. मग सेंटर पंचाने ती खोल करतात. तरीही ड्रिल भरकटतं, म्हणून भोकाच्या मापाचं वर्तुळ कंपासने आधीच आखून ठेवायचं. टोक थोडं उतरलं की मशीन थांबवून खळगा वर्तुळाच्या मधोमध आहे का, ते बघायचं. नसेल तर भोक ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला छिन्नीने खाच मारायची; ड्रिल तिकडे ओढलं जातं. ही दुरुस्ती ड्रिलची पूर्ण जाडी आत शिरेपर्यंतच करता येते. त्यानंतर मशीन थांबवून उपयोग नाही.